मालकी आणि वहिवाट

२०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यात लंडनच्या सॉदबीज या लिलावगृहात फ्रेडी मर्क्युरी या दिवंगत गायकाच्या घरातील चीजवस्तू विक्रीस निघाल्या, तेव्हा पहिल्या संध्याकाळी सर्वांत आधी पुकारा झाला तो त्याच्या पियानोचा नव्हे, रंगमंचावर मिरविलेल्या राजमुकुटाचा नव्हे, किंवा त्याच्या हस्ताक्षरातील गीतांच्या खर्ड्यांचाही नव्हे. पुकारा झाला तो त्याच्या बागेच्या भिंतीतील एका हिरव्या दाराचा. लिलावगृहाच्या जाणत्यांनी त्याची किंमत १५ ते २५ हजार पौंड धरली होती. प्रत्यक्षात ते दार ४,१२,७५० पौंडांना गेले. या दारावर कोरीव काम नव्हते, त्याचे लाकूड दुर्मिळ जातीचे नव्हते, आणि ज्याच्या घराचे ते दार होते त्याच्या हाताचे अक्षरही त्यावर नव्हते. जे लिहिलेले होते ते त्याच्या मृत्यूनंतर तेथे येऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी लिहिलेले होते, आणि जागा उरली नाही तेव्हा एकाच्या अक्षरांवर दुसऱ्याने लिहिले होते. इतर कोणाच्या दाराची अशी अवस्था झाली असती तर तिला नासधूस म्हटले गेले असते आणि रंगाऱ्याला बोलावणे गेले असते. येथे मात्र गिऱ्हाइकाने मोल मोजले ते त्या अनामिक लेखकांच्या निष्ठेचे. आणि त्यांच्यापैकी कोणालाही त्या रकमेतील एक पेनी मिळाली नाही, किंबहुना ती मागावी असे कोणाच्या मनातही आले नसावे.

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडविषयी जगभर टिकून राहिलेल्या लोकप्रेमाचा विचार करू लागले म्हणजे हे दार डोळ्यांपुढे येते, कारण या प्रेमाचे रहस्य भावनेपेक्षा हक्कात अधिक आहे असे माझे म्हणणे आहे, आणि हक्काची गोष्ट दाराशीच नीट बोलता येते. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल, म्हणून ते सावकाश मांडले पाहिजे. १९७० साली लंडनमध्ये फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांनी हा बँड उभा केला, पुढल्या वर्षी जॉन डीकन त्यांना येऊन मिळाला, आणि त्यानंतर वीस वर्षे हे चौघे एकमेकांशी भांडत, एकमेकांना सांभाळत एकत्र राहिले. १९९१ च्या नोव्हेंबरात मर्क्युरी गेला. १९९७ नंतर डीकनने सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले. मागे राहिलेले दोघे आता वृद्ध आहेत. म्हणजे ज्या मूळ वस्तूवर प्रेम करावयाचे ती अर्ध्याहून अधिक नाहीशी झालेली आहे, आणि प्रेम मात्र ओसरण्याचे चिन्ह नाही.

या कोड्याची जी उत्तरे सामान्यतः दिली जातात त्यांतले पहिले म्हणजे स्मरणरंजन. माणसाला आपले तारुण्य प्रिय असते, आणि तारुण्यात कानांवर पडलेले संगीत त्या तारुण्याची किल्ली बनून राहते, हे मानसशास्त्राला मान्य आहे आणि अनुभवालाही. परंतु हे उत्तर १९७५ साली वीस वर्षांचे असलेल्या इंग्रज गृहस्थाला लागू पडते. स्वित्झर्लंडमध्ये मॉंत्रो येथे, सरोवराच्या काठी, मर्क्युरीचा जो पुतळा १९९६ मध्ये उभारला गेला त्याच्या भोवती दरवर्षी सप्टेंबरच्या आरंभी जे चाहते जमतात, त्यांच्यातील अनेकांचा जन्मच मुळी त्याच्या निधनानंतरचा आहे. ज्यांना स्मरणच नाही त्यांचे स्मरणरंजन कसे व्हावे? दुसरे उत्तर बाजाराचे. क्वीनच्या निवडक गीतांचा १९८१ चा संग्रह एकट्या ब्रिटनमध्ये सत्तर लाखांचा आकडा ओलांडून गेला, २०१८ मध्ये मर्क्युरीच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि तो तुफान चालला, हे सर्व खरे. पण चित्रपट निघाला तो गायकाच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. गिऱ्हाईक आधीपासून उभे आहे हे दिसल्याखेरीज एवढे भांडवल कोणी गुंतवीत नाही. तिसरे उत्तर संगीताच्या थोरवीचे, आणि रसिक मनाला तेच सर्वांत पटावेसे वाटते. मात्र गुण हेच प्रेमाचे पुरेसे कारण असते तर जगात उपेक्षित गुणवंत निर्माणच झाले नसते. शिवाय क्वीनच्या बाबतीत तज्ज्ञ समीक्षकांचा निकाल दीर्घकाळ प्रतिकूलच होता. त्यांचे संगीत भपकेबाज आहे, उसने आहे, ते मनापासून येत नाही, अशी कैफियत इंग्रजी संगीतपत्रांनी सत्तरच्या दशकात वारंवार मांडली. लोकांनी ती वाचली, आणि बाजूला ठेवली.

मग लोकांना या बँडमध्ये असे काय सापडले, जे समीक्षकांच्या चष्म्यातून दिसत नव्हते?

१९७७ च्या मे महिन्यात स्टॅफर्डजवळच्या बिंग्ली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम झाला. तो संपवून चौघे आत गेल्यावर श्रोत्यांनी नुसत्या टाळ्या पिटण्याऐवजी सर्वांनी मिळून एक गाणे म्हणावयास आरंभ केला, आणि ते गाणे क्वीनचे नव्हतेच. लिव्हरपूलच्या फुटबॉल संघाचे पाठीराखे मैदानावर जे म्हणतात ते एका जुन्या अमेरिकन संगीत नाटकातील पद होते. मानी कलावंताला यात उपमर्द वाटावा असाच हा प्रसंग. ब्रायन मे याने मात्र, आपणच पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, त्यातून एक साधा प्रश्न काढला: दाटीवाटीने उभ्या असलेल्या हजारो माणसांना, हातपाय हलविण्यास जागा नसताना, करता येण्याजोगे काय असते? पाय आपटता येतात, टाळी वाजविता येते, आणि गाता येते. एवढ्याच भांडवलावर 'वी विल रॉक यू' हे गाणे उभे राहिले. दोनदा पाय, एकदा टाळी, आणि मग एका टाळीइतकी मोकळी जागा. तालाचा सगळा संसार एवढाच. उत्तर लंडनमधील वेसेक्स स्टुडिओ ही मुळात चर्चची इमारत; तेथे काही जुन्या फळ्या पडलेल्या होत्या, त्यांच्यावर या मंडळींनी पुन्हा पुन्हा पाय आपटले आणि ते आवाज एकावर एक चढविले. मे हा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. नुसता प्रतिध्वनी जोडला असता तर एकाच माणसाचा आवाज घुमल्यासारखे वाटले असते. त्याने प्रत्येक पुनरावृत्ती किंचित उशिरा येईल आणि त्या विलंबांची परस्परप्रमाणे मूळ संख्यांची राहतील अशी योजना केली, त्यामुळे प्रतिध्वनीचा भास न होता निरनिराळ्या अंतरांवर उभ्या असलेल्या जमावाचा भास होतो. ड्रम त्या गाण्यात नाहीत. गिटारही अगदी शेवटी येते. बँड ज्याला म्हणावे ती वाद्ये दूर सारून त्यांच्या ठिकाणी श्रोत्यांना बसविलेले, असे हे गाणे आहे, आणि श्रोते प्रत्यक्ष येण्यापूर्वीच त्यांची जागा ध्वनिफितीवर राखून ठेवलेली आहे.

ही राखून ठेवलेली जागा हाच माझ्या प्रतिपादनाचा गाभा आहे. रसिकाला आपली थोरवी दाखवून थक्क करून सोडणारे कलावंत पुष्कळ असतात. आपल्या रचनेत रसिकासाठी काम शिल्लक ठेवणारे विरळा. क्वीनने ते जाणून केले, आणि एका गाण्यापुरते केले नाही. १९७५ च्या एप्रिलमध्ये जपानात त्यांचे अपूर्व स्वागत झाले, तर दुसऱ्याच वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेतील एका गीतात जपानी भाषेतील कडवे आले. दूरस्थ श्रोत्याला त्याच्या घरच्या भाषेत गाता यावे यासाठी ती तजवीज. 'वी आर द चॅम्पियन्स' या गीताच्या चित्रीकरणासाठी १९७७ च्या ऑक्टोबरात चाहत्यांच्या मंडळाच्या सभासदांनाच नाट्यगृहात बोलाविले गेले. 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे मर्क्युरीचे एक हळवे गीत; मूळ ध्वनिमुद्रणात ते पियानोवर आहे, रंगमंचावर मात्र एकट्या गिटारच्या साथीने ते होई, आणि ब्राझीलमधील साओ पाउलो येथे १९८१ च्या मार्चमध्ये दोन रात्रींत मिळून अडीच लाखांच्या आसपास जो जनसमुदाय लोटला, त्याने, ज्याची मातृभाषा पोर्तुगीज त्या समुदायाने, ते इंग्रजी गीत इतके पाठ म्हटले की गाणाऱ्याने गप्प राहून ऐकावे.

'रेडिओ गागा' या टेलरच्या गीताची हकीकत तर या दृष्टीने बोधप्रद आहे. १९८३ च्या नोव्हेंबरात शेपर्टन येथील चित्रपट कलागृहात त्याचे चित्रीकरण झाले, तेव्हा गर्दीचे काम करावयास पुन्हा चाहत्यांच्या मंडळातील माणसेच आणली गेली आणि कडव्याशेवटी दोन्ही हात वर नेऊन दोनदा टाळी वाजविण्याची ती लकब त्यांच्याकडून बसवून घेण्यात आली. पुढे १३ जुलै १९८५ रोजी वेंब्ली मैदानावर लाइव्ह एड नावाचा प्रचंड कार्यक्रम झाला. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी तो होता, अनेक बँड होते, म्हणजे जमलेले सुमारे ७२,००० लोक काही केवळ क्वीनसाठी आलेले नव्हते. क्वीनच्या वाट्याला वीस-एकवीस मिनिटे. अजून उजेड होता, त्यामुळे प्रकाशयोजनेची जादू चालण्यासारखी नव्हती. आणि 'रेडिओ गागा' सुरू होताच त्या अफाट मैदानातील हात एकदम वर गेले, दोनदा टाळी वाजली आणि खाली आले. त्यांना हे कोणी शिकविले नव्हते. दूरचित्रवाणीवर शेपर्टनच्या त्या थोड्या माणसांना पाहून ते आपापल्या घरी शिकले होते. मर्क्युरीच्या त्या दिवशीच्या गायनाचे गुणगान पुष्कळ झाले आहे आणि ते यथार्थही आहे, पण निम्मी कामगिरी समोरच्यांची होती याचा उल्लेख करण्यास समीक्षक सोयीस्करपणे विसरतात.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे त्यांचे सर्वश्रुत गीत यालाही अपवाद नाही, जरी वरवर पाहता ते एकट्याने थक्क होऊन ऐकण्याचेच गीत आहे. १९७५ च्या ऑक्टोबरअखेर ते प्रसिद्ध झाले. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी एवढ्या लांबीचे गाणे आकाशवाणीवर कोण वाजवील असा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यांचा आक्षेप होता, आणि ते नऊ आठवडे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यातील मधला, ऑपेराच्या धर्तीचा भाग हा अनेक आवाजांचे थर एकमेकांवर चढवून केलेला, त्यामुळे चौघांना तो रंगमंचावर गाणे शक्यच नव्हते. त्यांनी तशी लटपटही केली नाही. तो भाग आला की ते चौघे सरळ आत निघून जात, दिवे झगमगत राहत, ध्वनिफीत वाजे, आणि रिकाम्या रंगमंचासमोर श्रोते तो भाग आपणच म्हणत. बँड हयात असताना, ऐन भरात असताना, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध गीताच्या मध्यभागी रंगमंच रिकामा असे, या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. कलावंताच्या अनुपस्थितीत त्याची कला चालू ठेवण्याची ही तालीम या लोकांना पंधरा वर्षे आधीपासून मिळत होती.

तिचा प्रत्यय यावयाचा तो आलाच. १९७६ च्या सप्टेंबरात लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्वीनने विनामूल्य कार्यक्रम केला होता. दीड लाखांवर माणसे जमली, ठरलेली वेळ टळून गेली, आणि पुन्हा रंगमंचावर याल तर अटक होईल असा हुकूम पोलिसांनी सोडल्यामुळे लोकांची फर्माईश तशीच अपुरी राहिली. २०१७ च्या जुलैमध्ये त्याच हाइड पार्कात ग्रीन डे या अमेरिकन बँडचा कार्यक्रम होता. तो सुरू व्हावयाचा होता, माणसे ताटकळत होती, आणि वेळ जावा म्हणून ध्वनिक्षेपकावर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची तबकडी लावण्यात आली. सुमारे ६५,००० माणसांनी ते गीत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हटले. ऑपेराचा भाग म्हटला, गिटारचा उसळता भाग आला तेव्हा सगळी उसळली. रंगमंचावर कोणी नव्हते. आलेले लोक दुसऱ्याच बँडचे.

आमच्याकडील जमीनमहसुलाच्या भाषेत मालकी आणि वहिवाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मालकी दस्तऐवजावर असते, वहिवाट जमिनीवर. सातबाऱ्यावर नाव एकाचे, आणि पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा दुसराच, असे झाले म्हणजे काही मुदतीनंतर नांगरणाऱ्याचाही एक हक्क उत्पन्न होतो, जो कागदाने दिलेला नसतो आणि कागदाने सहजासहजी हिरावताही येत नाही. १९४८ च्या कुळकायद्याने महाराष्ट्राला हेच सांगितले आणि 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा घरोघर पोहोचली. गीताच्या बाबतीतही असेच घडते असे माझे मत आहे. प्रकाशनहक्क, ध्वनिमुद्रणहक्क, नाममुद्रा, हे सर्व ज्याचे त्याच्याकडे आहे आणि असावे. पण जे गीत गेली पन्नास वर्षे मैदानांवर, लग्नसमारंभांत, शाळांच्या सहलींत माणसांनी आपल्या पायांनी आणि हातांनी कसले आहे, त्यावर त्यांची वहिवाट सिद्ध झाली आहे. आणि वहिवाटदाराचे जमिनीवरील प्रेम हे पर्यटकाच्या प्रेमासारखे ऋतुमानाने बदलत नाही. ते टिकते, कारण ते कामातून आलेले असते. क्वीनवरील प्रेम का आटत नाही याचे माझे उत्तर हे आहे: श्रोत्याला तेथे पाहुणा म्हणून कधी बसविलेच गेले नाही, त्याला कूळ म्हणून लावून घेतले गेले.

याच्यावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. रोलिंग स्टोन या अमेरिकन नियतकालिकात १९७९ साली एका समीक्षकाने क्वीनला फॅसिस्ट हे विशेषण लावले. चाहते त्यावर अजून दातओठ खातात. पण ज्या विसाव्या शतकाने न्यूरेंबर्गची मैदाने पाहिली, त्या शतकातील विचारी माणसाने हजारो हातांना एकाच क्षणी वर जाताना पाहून क्षणभर दचकावे, यात त्याचा दोष नाही. न दचकणाराच अधिक चिंताजनक. जमावाच्या एकतानतेत एक आनंद असतो आणि तोच आनंद हुकूमशहाही वापरतो. मग भेद कोठे करावा? माझ्या मते, जमाव एकवटल्यानंतर त्याच्याकडून काय मागितले जाते तेथे. वेंब्लीवर मर्क्युरीने दोन गीतांच्या मध्ये श्रोत्यांशी जो स्वरांचा खेळ मांडला तो पुन्हा पाहावा. तो एक तान घेतो, लोक ती परत करतात. तो अधिक अवघड घेतो, लोक तीही परत करतात. अखेर तो जी घेतो ती त्यांच्याने होण्यासारखी नसते, आणि ते लढाई हरल्यासारखे न होता हसू लागतात. नेता आपल्या जमावाला असे हसू देत नाही, आणि स्वतःची अशी चेष्टा तर कधीच करीत नाही. मर्क्युरी राजमुकुट घाली तो नाटकातल्या राजासारखा. त्याच्याखाली राज्य नाही हे त्यालाही ठाऊक होते आणि समोरच्यांनाही. वीस मिनिटांनंतर कोणाकडून कोणाविरुद्ध काही मागितले गेले नाही. हा माझा जबाब आहे. तो प्रत्येकाला पुरेसा वाटेल असे नाही.

परंतु चाहत्यांच्या प्रेमावर दुसरा एक डाग आहे, आणि त्याविषयी जबाब देणे मला अधिक कठीण जाते. १९८४ च्या ऑक्टोबरात, वर्णभेदी राजवटीविरुद्ध संयुक्त राष्ट्रसंघाने सांस्कृतिक बहिष्कार पुकारलेला असताना, क्वीन दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी या विलासनगरीत जाऊन गायले. ते तेथे गायले ते भरगच्च मोबदल्यावर. आम्ही राजकारण करीत नाही, संगीत करतो, हा त्यांचा बचाव होता. तो त्या काळी अनेकांनी केला आणि तो तेव्हाही लंगडा होता. इंग्लंडातील वादक संघाने त्यांना दंड केला. लाइव्ह एडच्या तेजात हे प्रकरण झाकले गेले, आणि चाहत्यांनी त्या झाकण्याला हातभार लावला. ज्यांना १९७५ च्या तबकडीवरील एकेका आवाजाचा तपशील तोंडपाठ आहे, त्यांना सन सिटीचे नाव काढताच विषय बदलावासा वाटतो. वहिवाटदाराने जमिनीतले तण आपले नव्हे म्हणून कसे चालेल? ज्या हक्काने गीत आपले म्हणावयाचे, त्याच हक्काने तो अपराधही आपल्या घरचा म्हणून मानावयास हवा, आणि हे फार थोड्यांनी केले आहे. एका आंधळेपणामुळे सर्व प्रेम खोटे ठरते असे मात्र मी म्हणणार नाही.

१९९१ मध्ये मालकी आणि वहिवाट यांची गाठ पडली ती अगदी प्रत्यक्ष स्वरूपात. मर्क्युरीने आपला आजार शेवटपर्यंत झाकला. एड्स झाल्याची जाहीर कबुली त्याने २३ नोव्हेंबरला दिली आणि २४ नोव्हेंबरला केन्सिंग्टनमधील लोगन प्लेस येथल्या आपल्या घरी तो गेला. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले, दहन झाले, आणि अस्थी कोठे ठेवल्या ही गोष्ट, त्याच्या इच्छेप्रमाणे, गुप्त राहिली. म्हणजे चाहत्यांना समाधी मिळाली नाही. फूल वाहावे असे ठिकाणच नाही, ही स्थिती कोणत्याही भक्तीला अवघड. तेव्हा ही माणसे त्या बागेच्या भिंतीपाशी आणि त्या दारापाशी गेली आणि जे वाहावयाचे ते त्यांनी अक्षरांत वाहिले. घर आता दुसऱ्याचे, भिंत दुसऱ्याची. तेथे लिहिण्याचा अधिकार त्यांना कोणत्याही कायद्याने नव्हता. पण त्यांनी दुसरेही काही केले. त्या वर्षीच्या नाताळात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा निघाले, पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेले. पुढे मर्क्युरीच्या नावाने जो न्यास निघाला, त्यासाठी आजही चाहते त्याच्या वाढदिवशी खोट्या मिशा लावून, पिवळी जाकिटे घालून कचेऱ्यांत आणि शाळांत निधी गोळा करीत हिंडतात. ज्या रोगाचे नाव घेण्याची त्या काळी सभ्य समाजाला लाज वाटे, त्याच्यासाठी मिशी लावून पैसे मागणे यात मला या प्रेमाचा सर्वांत निरोगी आविष्कार दिसतो.

घरातल्या भांडणांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण भांडणावाचून हक्काची परीक्षा होत नाही. क्वीनच्या चाहत्यांचे अधिकृत मंडळ १९७४ पासून चालू आहे आणि रॉक बँडच्या चाहत्यांचे सर्वांत दीर्घायुषी मंडळ म्हणून त्याची विश्वविक्रमांत नोंद आहे. टपालाने वार्तापत्रे पाठविण्याच्या काळात ते सुरू झाले आणि १९८६ पासून त्याची वार्षिक संमेलने भरत आली आहेत. असे मंडळ म्हटले की मिरासदार आणि उपरी हा भेद आलाच. हाइड पार्क स्वतः पाहिलेला मनुष्य, २०१८ चा चित्रपट पाहून आलेल्या पोराकडे ज्या नजरेने पाहतो, ती आमच्या गावगाड्यातील कोणालाही तत्काळ ओळखता येईल. २००४ नंतर मे आणि टेलर यांनी प्रथम पॉल रॉजर्सला आणि मग ॲडम लँबर्टला बरोबर घेऊन पुन्हा कार्यक्रम सुरू केले, तेव्हा हे क्वीन नव्हेच अशी फिर्याद पुष्कळांनी लावली. मला ती फिर्याद समजते, पण तिचा निकाल फिर्यादीच्या बाजूने देता येत नाही. त्या कार्यक्रमांत मे एकटा गिटार घेऊन पुढे बसतो, 'लव्ह ऑफ माय लाइफ' आळवतो, लोक गातात, आणि शेवटी पडद्यावर मर्क्युरी दिसतो. लँबर्ट त्या वेळी रंगमंचावर नसतो, आणि त्याची गरजही नसते. गायक कोण हा प्रश्न या गीतांपुरता लोकांनी केव्हाच निकालात काढला आहे. डीकनच्या बाबतीत तर या भांडखोर मंडळींनी विलक्षण समजूतदारपणा दाखविला: तो घरात बसला, त्याने काही सांगितले नाही, आणि एकंदरीत त्यांनी त्याला बसू दिले.

आता आपल्या बाजूचा दावा. फर्रुख बलसारा नावाच्या झांझिबारमध्ये जन्मलेल्या पारशी मुलाला वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आले. तेथेच सवंगडी त्याला फ्रेडी म्हणू लागले, तेथेच त्याचा हात पियानोवर बसला, आणि १९५८ मध्ये तेथेच पाच विद्यार्थ्यांनी मिळून द हेक्टिक्स नावाचा त्याचा पहिला बँड काढला. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडात फेल्टम येथे जाऊन राहिले. पुढल्या आयुष्यात तो पाचगणीविषयी जवळजवळ बोललाच नाही. अलीकडे आपल्याकडील लेखांतून मात्र हा आपला पाचगणीचा मुलगा, असा सूर सर्रास लागतो, आणि त्या पाठोपाठ, त्याने आपली ओळख लपविली, अशी तक्रारही. हा दावा शाळेच्या दाखल्यावर उभा आहे. दाखला खरा आहे, त्यावर कोणी हरकत घेणार नाही. पण दाखल्याने सिद्ध होते ती एवढीच गोष्ट, की तो मुलगा काही वर्षे येथे होता. त्याच्या गीतांशी आमचा संबंध जडला तो सातारा जिल्ह्याच्या दफ्तरातून नव्हे; पुण्यामुंबईच्या ज्या तरुणांनी ध्वनिफितींवरून ध्वनिफिती उतरवून ती ऐकली आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत बाकांवर पाय आपटून वाजविली, त्यांच्यामुळे तो जडला, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना पाचगणीची हकीकत त्या वेळी ठाऊकही नव्हती. साओ पाउलोच्या श्रोत्यांचा हक्क आणि त्यांचा हक्क एकाच जातीचा आहे. गावच्या नावाने जो सांगितला जातो तो निराळा, आणि माझ्या मते पुष्कळ दुबळा.

फेल्टमच्या त्या घरावर २०१६ मध्ये निळी पाटी लागली. पाचगणीतही कोणाला लावावीशी वाटली तर अवश्य लावावी. दूरदेशीचे चाहते शाळा पाहावयास घाट चढून येतातच, ते पाटी वाचतील, छायाचित्र घेतील, आणि लोगन प्लेसच्या दाराची हकीकत ठाऊक असल्यामुळे, लाकूड मऊ असेल तर तिच्या कोपऱ्यात आपले नावही लिहितील. व्यवस्थापकांनी तेव्हा रागावू नये.